भाचरांना ख्रिसमसला काय द्यावं? आवड विचारू नका, काय संपतंय ते विचारा

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजलाय तसा परत लिहिते. तुम्ही नेरूळला, नणंद ठाण्यात, तिचं सासर ईस्ट इंडियन (म्हणजे इकडचेच मराठी बोलणारे ख्रिश्चन), त्यामुळे दर २५ डिसेंबरला तुम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला असता. भाची १३ ची, आठवीत. भाचा १५ चा, दहावीत. लहान होते तोवर गाडी, बाहुली, रंगपेटी काहीही नेलं तरी उड्या मारायचे, आता दोन वर्षं झाली, "थँक्यू मामी" म्हणतात आणि बॉक्स कपाटावर जातो. बजेट प्रत्येकी १५००. आणि भाच्याचं दहावीचं वर्ष आहे तर अभ्यासाला उपयोगी असं काही द्यावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय.

आमचं नौपाड्यात दुकान आहे, स्टेशनरी, चित्रकलेचं सामान, बोर्ड गेम आणि थोडं खेळाचं सामान. बरीच वर्षं काउंटरवर मीच असते. डिसेंबरात मला दोन गर्दी दिसतात, एक २० तारखेनंतर घाईघाईत गिफ्ट घेणारे मामा-काका-आत्या-मावशी, आणि दुसरी २६ पासून तेच गिफ्ट बदलून घ्यायला आलेली मुलं. पण तिसरी एक गर्दी वर्षभर असते, संध्याकाळी क्लास सुटला की स्वतःच्या पॉकेटमनीने काहीतरी घ्यायला येणारी मुलं, आणि ह्या वयाबद्दल मला जे काही कळतं ते मुख्यतः ह्यांच्याकडे बघून. ही मुलं नवीन वस्तू फार कमी घेतात. रिफिल घेतात, रॅकेटची ग्रिप घेतात, एकाच रंगाचा मार्कर तिसऱ्यांदा घेतात, गिटारची तुटलेली एक तार घेतात. म्हणजे जे चालू आहे त्याचाच पुढचा तुकडा. आणि नेमकी हीच गोष्ट गिफ्ट घेणाऱ्या मोठ्या माणसांच्या डोक्यात येत नाही, आपल्याला वाटतं गिफ्ट म्हणजे काहीतरी नवीन, घरात नसलेलं.

तुम्ही लिहिलंय "ह्या वयाच्या मुलांना नक्की काय आवडतं". ताई, आठ वर्षांच्या दहा मुलांना एकच गाडी द्या, दहाही खेळतील. तेराव्या वर्षी त्या दहा जणांची दहा वेगळी दुनिया झालेली असते, एक दिवसभर चित्र काढते, एक टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) असतो, एकाला चेस सोडून काही सुचत नाही, एक नुसती गाणी ऐकते. त्यामुळे "१३ वर्षांच्या मुलींसाठी बेस्ट गिफ्ट" असल्या याद्या वाचून काही हाताला लागत नाही, त्या याद्या वय बघतात, मूल बघत नाहीत. तुम्ही त्यांना भेटता गणपतीत, भाऊबीजेला आणि नाताळात, तेव्हाही घर भरलेलं असतं, दोन शब्द बोलून मुलं आतल्या खोलीत. तुमच्याकडे त्यांची जी माहिती आहे ती जुनी झालीय, अडचण एवढीच आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. आणि एक सांगते, "थँक्यू मामी" म्हणून बॉक्स बाजूला ठेवला ह्याचा अर्थ माया कमी झाली असा अजिबात लावू नका, ह्या वयात पंधरा नातेवाईकांसमोर आनंद दाखवायची लाज वाटते, खूप आवडलेलं गिफ्ट पण असंच बाजूला ठेवतात आणि सगळे गेल्यावर उघडतात.

तर नणंदेला फोन करा, पण "पोरांना काय आवडतं गं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "मोबाईल, दुसरं काय" हेच येतं, प्रत्येक आई हेच सांगते. त्याऐवजी असे प्रश्न विचारा की घरात कुठली गोष्ट सारखी संपते आणि पुन्हा आणावी लागते? कुठली वस्तू तुटलीय तरी चिकटपट्टी लावून वापरतायत? कशासाठी पैसे मागतात आणि तू नाही म्हणतेस? दोघांचं भांडण कुठल्या वस्तूवरून होतं? ह्या चार प्रश्नांवर आई न थांबता दहा मिनिटं बोलते आणि त्यात तुमचं गिफ्ट असतं.

आमच्याकडे एक आजोबा आले होते, त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला एक काळा पेन काढला, टोक पार बसलेलं, टोपणाला चीर गेलेली, म्हणाले नातीच्या टेबलाखाली केराच्या डब्यात असे तीन पडले होते, हे काय असतं ते मला माहीत नाही पण ह्याच्यातलं चांगलं द्या. तो ब्रश पेन होता, अक्षरं काढायचा. आजोबांनी तोच, त्याच्या दोन जाडी आणि एक गुळगुळीत कागदाचं पॅड नेलं, खरखरीत कागदावर त्या पेनाचं टोक लवकर मरतं म्हणून मी पॅड घ्यायला लावलं. नंतर ती मुलगी स्वतः आली होती पॅड संपलं म्हणून. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने असा केराचा डबा बघून यावं असं मला मनापासून वाटतं.

आता भाची. तुम्ही लिहिलंय "ती काहीतरी काढत-रंगवत असते", तर चित्रकलेचं थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. लोक १०० रंगांची मोठी पेटी घेतात, ज्यात खडू, स्केचपेन, वॉटरकलर, पेन्सिली, स्टेपलरसकट सगळं असतं. दिसायला भारी, पण त्यातली एकही गोष्ट चांगली नसते आणि तेराव्या वर्षी मुलीला ते लगेच कळतं. त्याच पैशात एकाच प्रकारचं पण चांगल्या प्रतीचं घ्या. आणि आधी कागद घ्या. हे मी सगळ्यांना सांगते आणि लोक नाराज होतात की कागद काय गिफ्ट देणार, पण मुलं वहीच्या नाहीतर झेरॉक्सच्या कागदावर रंगवत असतात, तो ७०-८० जीएसएमच्या (कागदाचं वजन, आकडा जास्त तेवढा कागद जाड) आसपास असतो, पाणी लागलं की फुगतो, मार्कर लावला की मागच्या पानावर उतरतो, आणि मुलीला वाटतं मलाच नीट जमत नाही. वॉटरकलरसाठी ३०० जीएसएमचं पॅड द्या, ए-५ साईज चालेल, चित्र पटकन पूर्ण होतं आणि दप्तरात मावतं. घरचे घेत नाहीत कारण महाग वाटतं, मूल स्वतः घेत नाही कारण पॉकेटमनीत दोन पॅडमध्येच महिना संपतो, म्हणून ते मामीने द्यायचं.

बरोबर काय द्यायचं ते ती काय वापरते त्यावर. आठवीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरीची परीक्षा दिली असेल तर वॉटरकलर, ब्रश, एचबी ते ६बी पेन्सिली घरात असणारच, तेच परत नेऊ नका. मग एक चांगला गोल ब्रश, किंवा गुआश, हल्ली मुलींना गुआश फार आवडतंय कारण ते वॉटरकलरसारखं पाण्यात विरघळतं पण फिक्या रंगाने गडद झाकता येतो. अॅनिमे (जपानी कार्टून) टाईप काढत असेल तर मार्कर, पण अल्कोहोल मार्कर पातळ कागदातून आरपार जातात, तेव्हा मार्करचं वेगळं पॅड लागेल, हे विसरू नका. ब्रँडचं म्हणाल तर लोक येऊन फक्त परदेशी नाव मागतात. आपलं कॅमल काही वाईट नाही हो, दांडेकरांची कंपनी, १९३१ साली शाईपासून सुरू झाली, २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने मोठा हिस्सा घेतला म्हणून आता कोकुयो कॅमलिन म्हणतात. त्यांच्यात शाळेचे रंग वेगळे आणि आर्टिस्टचे वेगळे, डब्यावर बघून आर्टिस्टचे घ्या, थोडेच घ्या, रंग मिसळायला ती शिकतेच आहे.

एक छोटी गोष्ट, पण महत्त्वाची. डब्यावर "किड्स" लिहिलेलं किंवा वय ८+ छापलेलं काहीही तेरा वर्षांच्या मुलीला देऊ नका, आतली वस्तू कितीही चांगली असली तरी. ह्या वयात आपल्याला लहान समजतात ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

आणि तिच्या बाबतीत काय टाळायचं ते पण सांगते. डायरी सगळेच देतात, एकेकीच्या कपाटात चार-चार कोऱ्या पडलेल्या असतात. कॉफीचा मग, फोटोफ्रेम, सॉफ्ट टॉय, "बेस्ट गर्ल" लिहिलेली बाटली, हे २६ तारखेला माझ्याकडे परत येणारं सामान. कॉस्मेटिकचं हँपर पण आईला विचारल्याशिवाय नको, मोठ्या बायकांसाठीचं रेटिनॉल किंवा अॅसिडवालं सिरम तेरा वर्षांच्या त्वचेला नको असतं, आणि पिंपल येत असलेल्या मुलीला सगळ्यांसमोर फेसवॉशचा सेट मिळाला तर तिला काय वाटेल विचार करा.

भाच्याबद्दल तुम्ही फक्त एवढंच लिहिलंय की "आधी खेळायचा, आता दहावीमुळे बंद". ह्यात खरं तर बरंच आलं. पण आधी तुमच्या अभ्यासाच्या प्रश्नाचं उत्तर देते, देऊ नका. प्रश्नसंच, टेबल लॅम्प, टाईमटेबलचा बोर्ड, "सक्सेस" वालं पुस्तक, काहीही नको. जून महिन्यापासून त्या मुलाला घरात, शाळेत, क्लासमध्ये, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाने फक्त दहावीबद्दल विचारलंय. जानेवारीत प्रिलिम, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. वर्षातला एक सण, त्याचा स्वतःचा, आणि त्यात मामीने पण गाईड दिलं तर त्याच्यासाठी तो पण अभ्यासाचाच दिवस झाला. अभ्यासाचं सामान आईवडील आणतातच, त्याच्यासाठी मामीची गरज नाही. फक्त त्याने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी, काही मुलांना खरंच चांगला पेन हवा असतो कारण तीन तास लिहून बोटं दुखतात, तर मग एक चांगला जेल पेन आणि त्याच्या दहा रिफिल हे पण गिफ्ट होऊ शकतं. रिफिल हव्यातच, पेन कितीही छान असला तरी रिफिल संपली की मुलं दहा रुपयांच्या पेनावर परत जातात.

मग दहावीवाल्याला काय? माझं म्हणणं की दोन प्रकार चालतात. एक, जे दहा-पंधरा मिनिटांच्या ब्रेकमध्ये हातात घेता येतं आणि खाली ठेवता येतं. तीन बाय तीनचा मॅग्नेटवाला स्पीड क्यूब (झटपट फिरणारा रुबिक क्यूब) हे ह्यातलं सगळ्यात चांगलं, रस्त्यावर मिळतो तो साधा क्यूब अडकतो, कोपरे निसटतात, ज्याला येत असेल त्याला तो वापरवत नाही, पण मॅग्नेटवाला हातात घेतल्यावर पोरांचा चेहराच बदलतो. चेस खेळत असेल तर गुंडाळी होणारा टूर्नामेंट बोर्ड, ५-६ सेंटीमीटरची घरं आणि साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच राजा अशी सोंगटी. २०२४ च्या डिसेंबरात गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे फोल्डिंगचा छोटा मॅग्नेट बोर्ड सोडून हा मोठा मागणारी मुलं यायला लागलीयत, कारण स्पर्धेत असाच असतो आणि डोळ्याला त्याची सवय लागते.

दुसरा प्रकार म्हणजे मार्च संपल्यावर उपयोगी पडेल असं, ज्याच्याकडे बघत तो हे तीन महिने काढेल. तो आधी काय खेळायचा ते विचारा. बॅडमिंटन असेल तर नवी रॅकेट घेऊ नका, १५०० मध्ये बहुतेक त्याच्याकडे आहे त्याच्यापेक्षा वेगळी मिळणार नाही. आहे त्याच रॅकेटचं गटिंग करून द्या, म्हणजे नव्या तारा लावून, नवीन ग्रिप, आणि वर नायलॉन शटलचा एक डबा. गटिंगला ताण पाउंडात विचारतात, शाळकरी मुलाला २० ते २४ च्या मधे ठीक, फार ताणलेलं घेतलं तर मनगटावर येतं. शटलच्या डब्यावर रंगाची पट्टी असते, हिरवी हळू, निळी मध्यम, लाल जलद, आणि गरम हवेत शटल लांब उडतं म्हणून आपल्याकडे लाल घेऊ नका, निळी किंवा हिरवी घ्या. नणंदेला सांगून रॅकेट आधीच गुपचूप मागवून घ्यायची, नवीन तारा लावून कागदात गुंडाळून २५ तारखेला त्याची त्यालाच परत द्यायची. मला विचाराल तर ह्या सगळ्या यादीत सगळ्यात सुंदर गिफ्ट हे आहे, कारण त्यात कोणीतरी माझी रॅकेट बघितली, तिच्या तारा ढिल्या झालेल्या कोणाच्या तरी लक्षात आलं, हे त्या मुलाला कळतं.

फुटबॉल असेल तर बॉलची साईज ५, १२ वर्षांच्या पुढे हीच. बूट घेणार असाल तर तो कुठे खेळतो ते विचारा, ठाण्यात काय नवी मुंबईत काय, हल्ली सगळे भाड्याच्या टर्फवर खेळतात, तिथे लहान-लहान रबरी बटणांचे टर्फ शूज लागतात, मातीच्या मैदानाचे लांब स्टडचे नाहीत, मेटलचे तर बऱ्याच टर्फवर आतच घेत नाहीत. पण पंधरा वर्षांच्या मुलाचा पाय अजून वाढत असू शकतो, तेव्हा बूट म्हणजे त्याला बरोबर घेऊनच. क्रिकेट असेल तर टेनिस बॉलची बॅट आणि सीझन बॉलची बॅट वेगळी, सीझन बॉलची असेल तर नॉकिंग (हातोडीने हळूहळू ठोकून बॅट तयार करणं) करावं लागतं आणि चांगली इंग्लिश विलो लाकडाची बॅट ह्या बजेटमध्ये बसत नाही, मग ग्लोव्हज किंवा बॅटची ग्रिप द्या. आणि हो, भाची पण क्रिकेट खेळत असेल कदाचित, २ नोव्हेंबर २०२५ ला तुमच्या नेरूळच्याच डी वाय पाटीलला आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकल्यापासून मुलींसाठी बॅट बघायला येणारे आईवडील मला बरेच दिसतायत, तेव्हा ती चित्रं काढते म्हणून फक्त चित्रकलाच धरून बसू नका, विचारून घ्या. बॅट उंचीवर घ्यायची, वयावर नाही.

गिटार वगैरे असेल तर तारांचा सेट, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), पिक. आपल्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, कितीही दिल्या तरी लागतात. वाचणारं मूल असेल तर तो किंवा ती कुठली सीरिज वाचतेय आणि कितव्या खंडापर्यंत आलीय एवढं आईकडून काढून घ्या, मांगा म्हणजे जपानी कॉमिक वाचणाऱ्या मुलांना पुढचा खंड मिळाला की बाकी काही नको असतं.

आता हे सगळं विचारूनही काहीच हाती लागलं नाही तर? पंधरा वर्षांच्या मुलाला सरळ विचारा. लोकांना वाटतं विचारलं तर सरप्राईज जातं. व्हॉट्सॲप करा की "ख्रिसमसला तुला काहीतरी घेणारे, पंधराशेपर्यंत, तीन गोष्टी सांग, त्यातली एक घेईन". तीन सांगितल्यावर कुठली येणार ते त्याला माहीत नसतं, म्हणजे सरप्राईज उरतं, आणि आकडा सांगितल्यामुळे तो पंधरा हजाराचा फोन लिहीत नाही. आकडा सांगायला लाजू नका, मुलांना तो हवा असतो, नाहीतर भिडेपोटी "काही नको मामी" लिहितात.

पैसे द्यावे का? ह्यावर घरोघरी मतं वेगळी आहेत. काही जण म्हणतात पाकीट म्हणजे गिफ्टच नाही. मी म्हणते पंधराव्या वर्षी पाकीट चांगलं, पण नुसतं नको, कशासाठी ते चिठ्ठीत लिहून. त्याला पाच हजाराचे बूट हवेत आणि घरातून नाही म्हणतायत असं नणंदेकडून कळलं तर "तुझ्या बुटांसाठी माझ्याकडून" असं लिहून पाकीट द्या, आत्या आणि काकाला पण फोन करून सांगा की वेगवेगळं काही आणण्यापेक्षा तुम्ही पण ह्यातच घाला. चार जणांची चार किरकोळ गिफ्ट येण्याऐवजी मुलाला हवी ती एक वस्तू होते. व्हाउचर असेल तर त्याच्यावरची मुदत बघा, परीक्षा संपेपर्यंत ती टिकली पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलीला मात्र मी पाकीट देणार नाही, त्या वयात पैसे बहुतेक आईच्या पर्समध्ये जातात आणि तिच्या हाती काही राहत नाही.

एक वेगळी कल्पना, तुम्ही नवी मुंबईत आहात म्हणून सुचली. वस्तूच्या जागी एक दिवस द्या. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते. २०१५ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे असतात, म्हणजे भाच्याचा शेवटचा पेपर झाल्यावरही जाता येईल. बोट भरती-ओहोटी बघून सोडतात, तेव्हा वेळ आधी विचारून, बुकिंग करून जा. भाचीला स्केचपॅड घेऊन चल म्हणा. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोली म्हणजे काहीच लांब नाही, नंतर तुमच्याकडे नेरूळला जेवायला आणा. २५ तारखेला पाकिटात फक्त एक कार्ड घालायचं, "पेपर संपल्यावर आपण चौघं" आणि तारीख मोकळी ठेवायची. पण हे कार्ड दिलंत तर नंतर न्यायचंच, मुलं असली आश्वासनं विसरत नाहीत. आणि एकटं कार्ड नको, बरोबर हातात धरता येईल असं काहीतरी छोटं हवंच.

कशावर काय अवलंबून आहे ते पण सांगायला हवं, कारण तुमच्या घरचं मला माहीत नाही. नणंदेच्या घरी फोनवर बंधन असेल तर इअरफोन, गेमचं कार्ड वगैरे तिला न विचारता नेऊ नका, त्यावरून घरात वाद झाला तर नाव मामीचं येतं. दोन घरांच्या परिस्थितीत फरक असेल तर १५०० च्या वर जाऊ नका, तुम्ही फार महाग दिलंत की नणंदेला भाऊबीजेला, वाढदिवसाला तेवढंच परत करावंसं वाटतं आणि तिची ओढाताण होते. घर लहान असेल, दोघांमध्ये एकच टेबल असेल, तर मोठ्या बॉक्सवालं काहीच नको, वापरून संपणाऱ्या वस्तू बऱ्या. टेलिस्कोप मागणारे पण बरेच येतात, पण ह्या किमतीतल्याचा स्टँड हलतो आणि आपल्याकडच्या उजेडात चंद्र सोडून फार काही दिसत नाही.

दोघांच्यात बरोबरी ठेवायची तर रुपये मोजत बसू नका, पण पॅकेट सारखीच दिसू द्या, एकाला तीन पुड्या आणि एकाला एक चपटं पाकीट असं नको. भाच्याचं गटिंग ७०० मध्ये झालं तर उरलेल्यात क्यूब घ्या. घरासाठी काही नेणार असाल तर ते वेगळं, मुलांच्या पिशवीत घालू नका. आणि केक नको, त्या दिवशी त्यांच्याकडे घरचे कुलकुल, मिल्क क्रीम, थाली स्वीट सगळं असतं, वर पाहुण्यांचे चार केक. फळं न्या, संपतात.

तिथे गेल्यावर सगळ्यांसमोर "उघड ना, बघू दे" म्हणू नका. हे मी जरा जोर देऊन सांगतेय. आदल्या रात्री चर्चमध्ये मिडनाईट मासला जाऊन आलेली, अर्धवट झोपलेली मुलं, घरात पंधरा माणसं, आजी विचारतेय "आवडलं का रे", मामी डोळ्यात बघतेय, अशा वेळी कुठलंही मूल "थँक्यू" एवढंच म्हणणार. हातात द्या आणि सांगा "निवांत बघ, नाही पटलं तर बदलून घे". चिठ्ठी आत ठेवा, दोन ओळींची, तिच्यात तुम्हाला त्याच्याबद्दल काय कळलं ते लिहा, "तारा बदलून घेतल्या, बावीस पाउंड सांगितलंय, कमी-जास्त वाटलं तर सांग". पुस्तक दिलंत तर पहिल्या पानावर नाव घालू नका, तेच पुस्तक घरात असेल तर मग बदलता येत नाही.

खरेदी १५ तारखेच्या आसपास उरका. शेवटच्या आठवड्यात राम मारुती रोडला पाय ठेवायला जागा नसते, दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, आणि ह्या वयाच्या गिफ्टला तेच बोलणं लागतं. गटिंगला पण एक-दोन दिवस ठेवावं लागतं. घेताना विचारून घ्या काय बदलून मिळेल आणि कधीपर्यंत, उघडलेले रंग, इअरफोन, क्रीम सहसा परत घेत नाहीत, शटलचा सील तोडलेला डबा पण नाही. बिल फेकू नका आणि गिफ्टच्या आत पण घालू नका, वेगळ्या पाकिटात नणंदेकडे देऊन ठेवा, किंमत दिसायला नको असेल तर दुकानातून एक्सचेंज स्लिप मागा, मागितली की देतात. नणंदेशी बोलणं झालं की ती चार उत्तरं इथे लिहा, म्हणजे कुठला ब्रश, किती जीएसएम, कुठली शटल ते नेमकं सांगते.